विहिरीवरील वीज : दाब, प्रवाह आणि मंडल

मोटेचे तंत्र आपल्या वाडवडिलांस कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. नाडा कोठे विरला, चाक कोठे अडते, धावेचा उतार बैलास सोसतो की नाही, हे सारे डोळ्यांस दिसत असे व म्हणून ते सुधारताही येत असे. विजेचे तसे नाही. तारेत प्रवाह आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही आणि हाताने पाहू जाणारास ते सांगण्याची संधी पुष्कळदा मिळत नाही. यास्तव विहिरीवर वीज आली, की आपला शेतकरी सर्व कारभार वायरमनच्या हवाली करून मोकळा होतो. मोटर जळली म्हणजे ती भरून आणावयाची, फ्यूज उडाला म्हणजे हाती लागेल ती तार घालावयाची, आणि अपघात झाला म्हणजे दैवास बोल लावावयाचा, असा क्रम चालू राहतो.

वस्तुतः विजेचे मूळ नियम फार थोडे आहेत. व्हर्नाक्युलर शाळेत त्रैराशिक शिकलेल्या मनुष्यास ते समजण्यास अडचण पडू नये. प्रत्येक बागाईतदाराने वायरमन व्हावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु आपल्या मळ्यात काय चालले आहे, हे विचारण्यापुरते व दुसऱ्याने केलेले काम पारखण्यापुरते ज्ञान प्रत्येकाजवळ असावे. तेवढ्याच मर्यादेत हा लेख आहे.

रहाटाची माळ

विजेस पाण्याची उपमा देण्याची चाल आहे व ती बरीच उपयुक्तही आहे. तथापि पाटाच्या उपमेत एक उणीव राहते. पाटाचे पाणी पिकात जिरते, ते परत विहिरीत येत नाही. वीज मात्र जेथून निघाली तेथे परत गेलीच पाहिजे. म्हणून तिला पाटापेक्षा रहाटगाडग्याची उपमा अधिक शोभते.

रहाटाची माळ अखंड असते. गाडगी भरून वर येतात, पन्हळीत रिती होतात व पुनः खाली जातात. माळ कोठेही तुटली, वर तुटो की खाली तुटो, तर सारा रहाट थांबतो. तद्वत् विजेचा मार्ग रोहित्रापासून, म्हणजे आपण ज्यास डीपी म्हणतो तेथून निघून तारेने मोटरीत वा दिव्यात जातो आणि दुसऱ्या तारेने रोहित्राकडे परत येतो. या अखंड मार्गास विद्युन्मंडल म्हणतात. बटण बंद करणे म्हणजे ही माळ एके ठिकाणी मुद्दाम तोडणे होय. बटण चालू करणे म्हणजे ती पुनः सांधणे होय.

या उपमेतून आणखी दोन गोष्टी उमजतात. पहिली ही, की माळ खर्च होत नाही. बैलाची शक्ती माळेच्या द्वारे पाण्यापर्यंत पोचते. माळ आहे तेवढीच राहते. तसेच मोटरीत जाणारा प्रवाह जेवढा असतो, तेवढाच बाहेर पडतो. खर्च होते ती शक्ती. दुसरी गोष्ट अशी, की बैल चालू लागताच सारी माळ एकदम हलते. तारेतील विद्युत्कण स्वतः फार मंद, सेकंदास मिलिमीटरभरही न सरकणारे असतात. परंतु तार त्यांनी आधीच भरलेली असल्यामुळे बटण दाबताच दूरचा दिवा तत्काळ लागतो.

आपल्याकडे येणारी वीज एकाच दिशेने वाहत नाही. ती सेकंदास ५० वेळा पुढेमागे होते. अशा विजेने काम कसे होते, असा प्रश्न कोणी विचारील. करवत पुढेमागे होऊनच लाकूड कापते, हे लक्षात आणले म्हणजे शंका राहत नाही. सूर्यपटलातून व बॅटरीतून निघणारी वीज मात्र एकाच दिशेने वाहते.

तीन मापे

विजेची मुख्य मापे तीन आहेत. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये व विरोध ओहममध्ये मोजतात. उंच टाकीतील पाण्यास जसा जोर असतो, तसा विजेचा दाब. नळातून दर घटकेस किती पाणी जाते, तसा प्रवाह. नळ अरुंद, लांब किंवा आतून खडबडीत असेल तर पाण्यास जो अडथळा होतो, तसा विरोध. इटलीचा व्होल्टा, फ्रान्सचा अँपिअर व जर्मनीचा ओहम या तीन शास्त्रज्ञांची नावे या मापांस दिलेली आहेत.

यांतील ओहमने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम असा, की दाबास विरोधाने भागिले असता प्रवाह येतो. २३० व्होल्ट दाब व ४६ ओहम विरोध असेल, तर प्रवाह ५ अँपिअर. विरोध निम्मा झाला, तर प्रवाह दुप्पट. पुढे येणारा बहुतेक हिशेब या एका भागाकारावर चालतो.

दाबास प्रवाहाने गुणिले म्हणजे शक्ती येते. तिचे माप वॅट. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती. एक हजार वॅटची शक्ती एक तास वापरली म्हणजे बिलातील एक युनिट होते. पाच अश्वशक्तीच्या मोटरीपासून ३७३० वॅटचे काम मिळते. परंतु थोडी शक्ती मोटरीतच उष्णतेच्या रूपाने नष्ट होत असल्याने तारेतून सुमारे साडेचार हजार वॅट घ्यावे लागतात. अशी मोटर सहा तास चालली, तर सुमारे २७ युनिट खर्च होतात. बिल हाती येते तेव्हा हे गणित एकदा करून पाहावे.

तारेची जाडी व लांबी

तारेची लांबी दुप्पट केली, की तिचा विरोध दुप्पट होतो. जाडी, म्हणजे तिच्या छेदाचे क्षेत्रफळ, दुप्पट केले की विरोध निम्मा होतो. तांब्यापेक्षा ॲल्युमिनियमचा विरोध सुमारे १.६ पट असतो. दुकानात केबल घेताना पुष्कळ लोक केवळ भाव पाहतात. त्यांनी पुढील हिशेब पाहावा.

मीटरपासून विहीर २०० मीटर दूर आहे व एका फेजवर चालणारी लहान मोटर ५ अँपिअर प्रवाह घेते असे धरू. जाणारी एक तार व येणारी एक, मिळून लांबी ४०० मीटर. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा विरोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. ४०० मीटरला तो ४.८ ओहम होईल. यास ५ अँपिअरने गुणिले म्हणजे २४ व्होल्ट. एवढा दाब केवळ तारेतच खर्ची पडला! मीटरपाशी २३० व्होल्ट असले, तरी मोटरीस २०६ च मिळाले. शिवाय २४ गुणिले ५, म्हणजे १२० वॅट शक्ती सबंध वेळ तार तापविण्यात जात आहे व तिचे पैसे आपण भरीत आहोत. हीच तार चार चौरस मिलिमीटरची घेतली, तर दाबातील घट सुमारे ९ व्होल्टांवर येते. तारेत वाचविलेले पैसे अशा रीतीने दर महिन्यास बिलातून वसूल केले जातात.

तार तापते तिचाही नियम आहे. १८४१ साली ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. सैल बसविलेला सांधा काळा पडतो, स्टार्टरचा स्क्रू वितळतो, ते यामुळेच. सैल सांध्याचा विरोध मोठा असतो व सारी उष्णता त्या एका जागी साठते.

दूरवर वीज नेताना दाब फार वाढवितात, त्याचे कारणही हेच. खोपोली येथील टाटांचे जलविद्युत् केंद्र १९१५ साली सुरू झाले व त्याची वीज घाटाखालून मुंबईच्या गिरण्यांस गेली. कोयनेची वीज १९६२ पासून निघू लागली व ती त्याहून दूर गेली. दाब जितका अधिक, तितका त्याच शक्तीस लागणारा प्रवाह कमी. गावात येणाऱ्या मोठ्या तारांत ११,००० व्होल्ट असतात व रोहित्र तो दाब उतरवून तीन फेजना ४१५ व्होल्टांच्या आसपास आणते. दाबातील हे अंतर सुमारे साडेसव्वीस पट आहे. म्हणून तीच तार असता ११,००० व्होल्टांवर होणारी नासाडी सुमारे सातशे पटींनी कमी होते. यावरून रोहित्र विहिरींच्या जवळ असावे व तेथून निघणाऱ्या लहान दाबाच्या तारा लांबवर ओढू नयेत, हे उघड आहे.

दाब कमी असता मोटर का जळते

येथे विचारी वाचक एक आक्षेप घेईल. ओहमच्या नियमाप्रमाणे दाब कमी झाला तर प्रवाहही कमी व्हावयास पाहिजे. मग कमी दाबावर मोटर जळते कशी? आक्षेप योग्य आहे. शेगडीस किंवा जुन्या तारेच्या दिव्यास तो नियम सरळ लागू पडतो व दाब उतरला की दिवा मंद होतो. मोटरीची गोष्ट निराळी. तिच्यावर पाण्याचा भार आहे व तो तिने उचललाच पाहिजे. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. दाब उतरला तर तेवढेच काम करण्यास मोटर अधिक प्रवाह ओढते. ४१५ व्होल्टांचे ३५० झाले, की प्रवाह सुमारे १.१९ पट होतो व वर्गाच्या नियमाने उष्णता १.४ पट होते. मोटरीच्या आतील गुंडाळ्यांचे वेष्टण ही उष्णता सोसू शकत नाही.

सुरू होतानाचा क्षण तर अधिक कठीण. थांबलेल्या मोटरीस वेग येईपर्यंत ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. पुष्कळ ठिकाणी वीज येताच मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच लावितात. एका रोहित्रावर वीस मोटरी असल्या व त्या सर्व एकाच क्षणी सुरू झाल्या, म्हणजे रोहित्रावर काय प्रसंग येत असेल याचा विचार करावा. रोहित्र जळले म्हणजे वीसही जणांची पिके वाळतात. प्रत्येकाने आपल्या ऑटोस्विचला काही मिनिटांचा विलंब, आणि तोही शेजाऱ्याहून निराळा, लाविला तर हे संकट पुष्कळ टळेल. या कामी कोणा अधिकाऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी पारावर बसून ठरविले तरी पुरे.

तीन फेजपैकी एक गेला, तर चालू असलेली मोटर उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते. परंतु त्या दोन तारांतील प्रवाह फार वाढतो व मोटर जळते. यावर फेजरोधक उपकरण मिळते. ते एक फेज जाताच मोटर बंद करते. मोटर भरून घेण्याच्या खर्चाशी त्याची किंमत ताडून पाहावी.

फ्यूजविषयी दोन शब्द. फ्यूज म्हणजे मंडलात मुद्दाम ठेविलेला दुबळा सांधा होय; प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो आधी वितळावा व मोटर वाचावी, हे त्याचे प्रयोजन. तो वारंवार उडतो म्हणून जाड तार घालणे म्हणजे बांध फुटतो म्हणून सांडवाच बुजवून टाकण्यासारखे आहे. पाणी मग धरणच फोडील.

जमिनीतून पुरे होणारे मंडल

आता लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. महसूल खात्याच्या नोकरीत अपघाती मृत्यूंचे पंचनामे व साह्याची प्रकरणे प्रस्तुत लेखकाच्या टेबलावरून पुष्कळ गेली. त्यांत कारणाच्या रकान्यात बहुधा एवढेच असे : ‘विजेचा धक्का लागून’. खाली तपशील पाहावा तो एकाच साच्याचा. मोटर चालू होईना म्हणून ओल्या हाताने पेटी उघडली. रात्रीच्या पाळीस पाणी द्यावयास गेला असता तुटकी तार पायाखाली आली. लोखंडी पाइपास हात लागला. मृत मनुष्य बहुधा घरातील कर्ता असे व त्याच्या मागे सातबाऱ्यावर वारसांची नोंद करण्याचे काम आमच्याकडे येई. ही नोंद करावी न लागण्याचा मार्ग पुढील दोन परिच्छेदांत आहे. ते दोनदा वाचावेत.

तारेवर बसलेला पक्षी मरत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात व त्याच्या देहातून मंडल पुरे होत नाही. मनुष्य मात्र एकाच तारेस शिवला तरी मरतो; कारण तो जमिनीवर उभा असतो. रोहित्रापाशी न्यूट्रल तार जमिनीत पुरलेली असते. म्हणून फेजच्या तारेपासून मनुष्याच्या हातात, देहातून पायांत, पायांतून जमिनीत व जमिनीतून रोहित्राच्या न्यूट्रलपर्यंत असा अखंड मार्ग तयार होतो. रहाटाची माळ सांधली जाते, आणि तिच्यातील एक गाडगे म्हणजे आपण स्वतः.

या मार्गाने किती प्रवाह जाईल? पुनः तोच भागाकार. कोरड्या त्वचेचा विरोध पुष्कळ असतो; परंतु हातपाय ओले व चिखलात असले, म्हणजे सबंध देहाचा विरोध सुमारे एक हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. सुमारे १० मिलिअँपिअरपासून स्नायू आखडू लागतात व हातात धरलेली तार सोडविता येत नाही. १०० मिलिअँपिअर एखादा सेकंद हृदयातून गेले तर प्राण जाऊ शकतो. साठ वॅटचा जुना दिवा २६० मिलिअँपिअर घेतो. एका दिव्यास लागणाऱ्या प्रवाहाच्या निम्म्याहून कमी प्रवाह मनुष्यास पुरतो, हे ध्यानात ठेवावे. पाटात अनवाणी उभे राहून स्टार्टरला हात घालणे किती भयंकर, ते यावरून कळेल.

अर्थिंगचे महत्त्वही याच हिशेबाने समजते. मोटरीच्या आत वेष्टण खराब होऊन फेजची तार तिच्या लोखंडी अंगास टेकली असे धरू. अर्थिंगच्या तारेने ते अंग जमिनीशी जोडलेले असून त्या मार्गाचा एकंदर विरोध ५ ओहम असेल, तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर प्रवाह धावेल व फ्यूज तत्काळ उडेल. परंतु खड्डा कोरडा, पट्टी गंजलेली व विरोध ५० ओहम असेल, तर प्रवाह अवघा ४.६ अँपिअर. फ्यूज उडत नाही, मोटरीचे अंग जिवंत राहते व हात लावणाराची वाट पाहते. म्हणजे नावापुरते अर्थिंग असून उपयोग नाही. ते खोल, ओलाव्यापर्यंत गेलेले असावे, सांधे घट्ट असावेत व उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालीत जावे.

जमाखर्च तपासणारे उपकरण

अर्थिंग दगा देईल या भीतीवर एक चांगला उपाय आता सहज मिळतो. त्याचे तत्त्व आम्हा कारकुनांस विशेष आवडावे असे आहे. किर्खॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ साली नियम सांगितला, की मंडलातील कोणत्याही सांध्यात जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर पडतो. हा निव्वळ जमाखर्चाचा नियम होय. ज्यास बाजारात आरसीसीबी म्हणतात ते उपकरण गेलेला व परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहते. दोन्ही रकमा जुळल्या तर ते स्वस्थ राहते. परत येणाऱ्या रकमेत ३० मिलिअँपिअरची तूट दिसली, की ती रक्कम कोठेतरी, कदाचित मनुष्याच्या देहातून, जमिनीत जात आहे असे समजून ते क्षणार्धात मंडल तोडते. फ्यूज मोटरीचे रक्षण करतो, हे उपकरण मनुष्याचे करते. एक दुसऱ्याचे काम करू शकत नाही. मात्र फेज व न्यूट्रल या दोहोंस दोन हातांनी एकदम शिवणारास हे उपकरणही वाचवू शकत नाही, कारण तेथे जमाखर्च जुळतो. त्यावरील तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

कुंपण व तुटलेली तार

रानडुकरांच्या उपद्रवाने त्रासलेले काही लोक कुंपणाच्या तारेस थेट फेज जोडतात. जनावराचे नुकसान पिकापुरते असते. या तारेचे नुकसान शेजाऱ्याच्या, गुराख्याच्या व बहुधा स्वतःच्याच घरातील माणसाच्या जिवापर्यंत जाते. मनुष्य मेला तर हा फौजदारी गुन्हा आहे. झटका मशीन याहून निराळे. त्याचा दाब हजारो व्होल्ट असला, तरी झटका सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता व सुमारे सेकंदातून एकदाच येतो. त्यामुळे जनावर बिचकते, मरत नाही. मात्र ते प्रमाणित असावे. घरी जोडून केलेले नसावे.

मोठ्या दाबाची तार तुटून जमिनीवर पडली, तर तिच्याभोवतीच्या जमिनीतही दाब पसरतो; तारेजवळ अधिक व दूर कमी. मनुष्याचे दोन पाय दोन निराळ्या दाबांवर पडले, की एका पायातून वर चढून दुसऱ्यातून प्रवाह उतरतो. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक. म्हणून धनी वाचतो व बैल जागीच पडतो. अशा वेळी धावू नये. पाय जुळवून लहान लहान सरकत दूर व्हावे, कोणास जवळ येऊ देऊ नये व वीज कंपनीस कळवावे.

कोणी धक्क्याने चिकटला असेल, तर त्यास हात लावू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर, घरगुती दाब असता, कोरड्या लाकडाने त्यास दूर लोटावे. अकरा हजारांच्या तारेवर लाकडाचाही भरवसा धरू नये. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्याचा उपचार तत्काळ सुरू करून १०८ वर रुग्णवाहिका मागवावी.

सारांश

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक बागाईतदाराने आपल्या विहिरीवर पुढील गोष्टी परवानाधारक वायरमनकडून, स्वतः उभे राहून, तपासून घ्याव्यात :

१. मोटर चालू असता तिच्यापाशी दाब किती मिळतो व मीटरपाशी किती असतो. दोहोंतील अंतर फार असेल, तर केबल बारीक आहे किंवा सांधा सैल आहे.

२. फ्यूजमध्ये मोटरीच्या मानाने योग्य तारच आहे किंवा कसे.

३. अर्थिंगचा विरोध किती ओहम आहे. ‘अर्थिंग आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, आकडा मागावा.

४. आरसीसीबी व फेजरोधक बसविले आहेत काय व ते चालतात काय.

५. स्टार्टरची पेटी कोरड्या जागी, छपराखाली आहे काय, आणि तिच्यापुढे उभे राहावयास कोरडी फळी किंवा रबराची चटई आहे काय.

या पाच बाबींस लागणारा खर्च एका मोटर-भरणीच्या मानाने फारसा नाही. वायरमन जो आकडा सांगेल, तो स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर तारखेसह खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवावा. पुढल्या वर्षी ताडून पाहण्यास तो उपयोगी पडेल.